सहाशे मीटरवरचं काम

नोव्हेंबर उजाडला की पेन्शन जमा करणाऱ्या बँकांमध्ये सकाळपासून पांढऱ्या केसांची रांग लागते. हयातीचा दाखला द्यायचा असतो. पुण्यातल्या अशाच एका शाखेत काउंटरमागची तरुण मुलगी फोनवर कुणाला तरी समजावत होती, "आजी, येऊन सही करून जा ना, दोन मिनिटांचं तर काम आहे." पलीकडून काहीतरी प्रश्न आला असावा. मुलगी म्हणाली, "अहो, तुमच्या सोसायटीतून सरळ रस्ता आहे, सहाशे मीटरसुद्धा नाही." तिच्या आवाजात चीड नव्हती, उलट माया होती. आणि ती खोटंही बोलत नव्हती. नकाशावर बोट ठेवून मोजलं तर ते अंतर खरंच तेवढंच भरतं. तरीही पलीकडून बराच वेळ काही उत्तर आलं नाही, आणि ती शांतता नंतर बरेच दिवस डोक्यात राहिली.

कारण त्या आजींनी मनातल्या मनात तो रस्ता चालून पाहिला असणार. तिशीतल्या माणसाला सहाशे मीटर म्हणजे आठ मिनिटं. ऐंशीच्या बाईला तो रस्ता अंतरात आठवतच नाही. सोसायटीच्या गेटसमोरचा उतार, त्यापुढचं हललेलं चेंबरचं झाकण, पानाच्या टपरीपुढचा ओला पट्टा, मग तो सिग्नल, असा तो तुकड्यातुकड्यांनी आठवतो. त्यातला एक तुकडा जरी जमणारा नसला तरी उरलेले सगळे चांगले असून उपयोग नसतो. नियोजनाच्या कागदावर मात्र रस्ता किलोमीटरमध्ये मोजतात, आणि ‘नव्वद टक्के काम पूर्ण’ असं लिहिता येतं.

फूटपाथपासूनच सुरुवात करू. देशातल्या रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या पादचाऱ्यांसाठीच्या २०१२ सालच्या मार्गदर्शिकेत म्हटलंय की फूटपाथची उंची दीडशे मिलिमीटरपेक्षा, म्हणजे पंधरा सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी, आणि चालण्यासाठी किमान एक मीटर ऐंशी सेंटिमीटर मोकळी जागा हवी. घरातल्या जिन्याची पायरीही साधारण पंधरा-सतरा सेंटिमीटरचीच असते, म्हणजे हा आकडा माणसाच्या गुडघ्याकडे बघून ठरवलेला आहे. आता टेप घेऊन कुठल्याही जुन्या फूटपाथची कड मोजा. वीस, बावीस, कुठे अठ्ठावीस. दुचाक्या वर चढू नयेत म्हणून कड उंच करतात. दुचाक्या तरीही चढतात, कारण प्रत्येक गेटसमोर त्यांच्यासाठी उतार केलेला असतोच. चढू न शकणारी राहते ती गुडघ्यांची दुखणाईत. आणि चढण्यापेक्षा उतरणं अवघड, हे तरुणांना सांगून पटत नाही. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचं सगळं वजन तोलत खाली नेतो. वयानुसार ताकद घटते ती नेमकी इथे जाणवते. म्हणून म्हातारी माणसं फूटपाथच्या कडेशी येऊन थांबतात, आधाराला काही आहे का बघतात, आणि शेवटी आडवं पाऊल टाकून उतरतात. मागून येणाऱ्याला वाटतं, यांना घाई नाही.

त्यात डोळे. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्याचा खालचा भाग हातभर अंतरावरचं वाचण्यासाठी घासलेला असतो. पाय असतात दीड मीटरवर. खाली बघितलं की नेमकी पायरीची कड धूसर होते, आणि राखाडी रस्त्याला लागून राखाडी फूटपाथ असेल तर ती दिसतच नाही. बाहेर फिरायला फक्त दूरच्या नंबराचा वेगळा चष्मा करून घेणं हा यावरचा साधा इलाज आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांना आपणहून विचारावं लागतं, कारण बहुतेकांना एका चष्म्यात सगळं हवं असतं. महापालिकेच्या हातातला इलाज याहून सोपा आहे: कडेवर पाच सेंटिमीटरचा पांढरा किंवा पिवळा पट्टा. आपल्याकडे निवडणुका किंवा पालखी जवळ आली की कडा काळ्या-पिवळ्या रंगवतात. पण तो रंग उभ्या बाजूवर असतो, गाडीवाल्याला दिसावा म्हणून. वरून उतरणाऱ्याला हवा असतो तो आडव्या बाजूवर, आणि तिथे तो नसतो.

पेव्हर ब्लॉकवर तर स्वतंत्र लेख व्हावा. चालताना पुढे जाणाऱ्या पावलाचा अंगठा जमिनीपासून जेमतेम एक-दोन सेंटिमीटर वर असतो. याचा अर्थ एका सेंटिमीटरनं वर आलेला ब्लॉक अडखळायला पुरेसा आहे. खड्डा दिसतो, माणूस तो टाळतो. अर्धा बोट वर आलेला ब्लॉक दिसत नाही, आणि पडणं घडतं ते तिथे. खरं तर ब्लॉक ही वस्तू वाईट नाही. खाली घट्ट दाबलेला थर, त्यावर दोन ते चार सेंटिमीटर वाळू, कडेला पक्कं काँक्रीट आणि सांध्यांमध्ये बारीक वाळू एवढं नीट केलं की ते वर्षानुवर्षं सपाट राहतात. बिघडतात ते नंतर. केबलवाले, गॅसवाले, पाणीवाले खणतात. चर बुजवताना माती थराथरानं टाकून प्रत्येक थर दाबायचा असतो. तसं न करता सगळी माती एकदम लोटतात आणि वर ब्लॉक मांडून जातात. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला की चर बसते आणि फूटपाथभर एक लांबट खोलगट पट्टा तयार होतो. काम मे महिन्यात तपासलं गेलेलं असतं, तेव्हा ते सपाट होतं, बिलही निघालेलं असतं.

मग गेटांसमोरचे उतार. दर वीस-तीस पावलांवर एक सोसायटी, आणि प्रत्येक गेटपाशी फूटपाथ खाली उतरतो आणि पुढे पुन्हा वर चढतो. शिवाय तो भाग रस्त्याकडे कललेला असतो. आडवा उतार दोन टक्क्यांच्या आत हवा, म्हणजे मीटरभर रुंदीत दोन सेंटिमीटर. तो त्याच्या तिप्पट-चौपट झाला की एक पाय कायम खाली, एक वर, आणि ज्या बाजूचा खुबा दुखतो त्याच बाजूवर भार. खरं तर उलट करायला हवं: फूटपाथ एकाच पातळीत सरळ जावा आणि गाडीनं त्यावर चढून आत जावं. जंगली महाराज रस्त्याच्या नव्या रचनेत बऱ्याच ठिकाणी ते तसं केलंय. तिथे संध्याकाळी किती काठ्या आणि किती वॉकर दिसतात ते एकदा बघून यावं. ही माणसं आधी शहरात नव्हती असं थोडंच आहे.

बोलार्डच्या बाबतीत मात्र माझं मन कुठल्याच बाजूला पूर्ण झुकत नाही. फूटपाथच्या तोंडाशी लोखंडी खांब उभे करतात, दुचाकी आत येऊ नये म्हणून. व्हीलचेअरची रुंदी साधारण पासष्ट-सत्तर सेंटिमीटर, ती हात न खरचटता जायला नव्वद तरी लागतात. स्कूटरचं हँडल असतं सत्तर-बहात्तर सेंटिमीटर. म्हणजे व्हीलचेअर जाईल अशा फटीतून स्कूटर आरामात जाते, आणि स्कूटर अडेल अशी फट ठेवली तर व्हीलचेअर बाहेर राहते. खांबांनी हा प्रश्न सुटण्यासारखाच नाही. तो सुटतो दंडाच्या पावतीनं, आणि पावती फाडायला चौकात उभं राहणारा माणूस लागतो. खांब एकदाच पुरावा लागतो, म्हणून खांब पुरतात.

आता सिग्नल.

पादचाऱ्यांचा हिरवा दिवा किती सेकंद ठेवायचा हे ठरवताना माणूस सेकंदाला एक मीटर वीस सेंटिमीटर चालतो असं धरायची पद्धत जगभर रूढ आहे, आपल्याकडेही. इंग्लंडमधल्या पासष्टीपुढच्या लोकांच्या चालण्याची मोजमापं २०१२ साली ‘एज अँड एजिंग’ या नियतकालिकात आली. सरासरी वेग पुरुषांचा ०.९ मीटर, बायकांचा ०.८ निघाला. गृहीत धरलेला वेग गाठू न शकणारे पुरुष शंभरात शहात्तर आणि बायका पंच्याऐंशी होत्या. हे आपल्या रस्त्यावर मांडून बघू. अठरा मीटर रुंद रस्ता, हिशेबानं पंधरा सेकंद. दिवा हिरवा झाला की म्हातारं माणूस लगेच पाऊल टाकत नाही. आधी बघतं, खरंच थांबल्यात का गाड्या. त्यात तीन सेकंद गेले. उरलेल्या बारा सेकंदांत ०.८ च्या वेगानं साडेनऊ मीटर होतात. म्हणजे अगदी नियमानं वागणारी आजी दिवा लाल होताना बरोबर रस्त्याच्या मध्यावर असते. तिथे दुभाजक असतो, अर्धा मीटर रुंदीचा, बहुतेक वेळा त्यावर झाडं किंवा फ्लेक्स. मधल्या थांब्याची रुंदी व्हीलचेअरच्या लांबीहून, म्हणजे सव्वा मीटरहून कमी असेल तर थांबलेल्याचं पुढचं किंवा मागचं चाक वाहत्या रस्त्यात राहतं. आणि हे सगळं फ्री लेफ्ट नसलेल्या चौकात. जिथे फ्री लेफ्ट आहे तिथे हिरव्या दिव्याला अर्थच नाही. डावीकडून येणारा कधी थांबतच नाही, आणि त्याला थांबायला कुणी सांगितलेलंही नाही.

सिंगापूरनं २००९ पासून काही चौकांमध्ये सोय केली. ज्येष्ठांनी आपलं सवलतीचं कार्ड सिग्नलच्या खांबाला टेकवायचं, की त्या फेरीपुरते तीन ते तेरा सेकंद वाढून मिळतात. युक्ती छान आहे. वाहतूक पोलिसांना भीती असते ती कायमचा वेळ वाढवून रांगा लागण्याची, ती इथे उरत नाही. पण आपल्याकडे कार्डाच्या आधी मुळातले सेकंद बदलणं जास्त सोपं आहे. तो कंट्रोलरच्या पेटीतला एक आकडा आहे. त्याला ना टेंडर लागतं ना खणणं. हॉस्पिटल, बँक, मंडई आणि देवळापाशी १.२ च्या जागी ०.८ धरून हिशेब केला, तर वर काढलेल्या उदाहरणात पंधराचे साडेबावीस सेकंद होतात. दिवसाच्या ज्या वेळी ही माणसं बाहेर पडतात, म्हणजे साधारण दहा ते बारा आणि पाच ते सात, तेवढाच वेळ केलं तरी चालेल.

रस्ता ओलांडायला पूल बांधावा ही सूचना दर सभेत कुणीतरी उत्साहानं मांडतो, आणि ते मांडणाऱ्याचं वय बहुधा पन्नासच्या आत असतं. रस्त्यावरून उंच वाहनं जायला साडेपाच मीटर उंची मोकळी सोडावी लागते. पुलाची जाडी धरून सहाच्या वर. पंधरा सेंटिमीटरच्या पायरीनं चाळीस पायऱ्या चढायच्या, चाळीस उतरायच्या, तेही समोर दिसणाऱ्या दुकानात जाण्यासाठी. पायऱ्यांऐवजी एकास बाराचा, म्हणजे बारा मीटर लांबीत एक मीटर चढणारा उतार केला तर एका बाजूचा रॅम्पच सत्तर मीटरहून लांब होतो. भुयारी मार्गात निदान उंची निम्मी लागते, पण तिथे संध्याकाळी एकटं उतरायचं कोण? मुंबईत २००८ साली वांद्रे स्टेशनापासून कलानगरकडे स्कायवॉक झाला आणि पाठोपाठ कितीतरी उपनगरांत झाले. खाली रस्त्यावरची गर्दी काही हटली नाही. स्टेशनाच्या पुलाशी सलग जोडलेला असेल तिथे त्याचा उपयोगही होतो, हे मान्य करायला हवं. पण झेब्रा पुसून त्या जागी पूल देणं म्हणजे गाड्यांची सोय म्हाताऱ्यांच्या नावावर लिहिणं.

लिफ्ट आणि सरकते जिने आले, हे चांगलंच झालं. पुण्यात मार्च २०२२ मध्ये मेट्रो सुरू झाली तेव्हा कित्येक आज्या-आजोबांनी नातवंडांना घेऊन नुसतीच फेरी मारली. आतला सगळा कारभार सपाट. फलाट आणि डब्याची पातळी एक, बसायला जागा, थंड हवा. अडचण असते ती बाहेर. लिफ्ट रस्त्याच्या ज्या बाजूला उतरवते ती बाजू आपली नसली तर पुन्हा तोच सिग्नल. आणि एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते: बंद पडलेला सरकता जिना हा साध्या जिन्याहून वाईट. त्याची पायरी वीस सेंटिमीटरच्या आसपास असते, आणि सुरुवातीच्या, शेवटच्या पायऱ्या वेगवेगळ्या उंचीच्या. पाय एका उंचीच्या अंदाजानं पडतो आणि पायरी निघते दुसऱ्याच उंचीची.

बसबद्दल बोलताना जीव थोडा हळवा होतो, कारण म्हाताऱ्या माणसाला परवडणारं आणि ओळखीचं वाहन तेच. राज्य सरकारनं ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट केली. खेड्यापाड्यांतून माणसं देवदर्शनाला, लेकीकडे निघाली, आनंद झाला. पण तिकीट शून्य रुपये झालं म्हणून पायरी एका सेंटिमीटरनंही खाली आली नाही. शहरातल्या लो-फ्लोअर बसचा तळ जमिनीपासून चारशे मिलिमीटरवर असतो. थांब्याचा फूटपाथ पंधरा सेंटिमीटर उंच असेल आणि बस त्याला लागून उभी राहिली तर चढायचे उरतात पंचवीस सेंटिमीटर. काही बसना दाराकडे झुकायची सोय असते, तिनं आणखी पाच-सात कमी होतात. एवढं बहुतेकांना जमतं. पण थांब्यापुढे रिक्षा उभ्या असतात, त्यांच्यापुढे एखादा भाजीचा टेंपो. बस थांबते दुसऱ्या लेनमध्ये. माणूस फूटपाथवरून रस्त्यावर उतरतो आणि तिथून चाळीस सेंटिमीटर चढतो, म्हणजे घरच्या अडीच पायऱ्या एका दमात. कोट्यवधींच्या बसचा सगळा फायदा तीन रिक्षांनी खाऊन टाकलेला असतो. साडी नेसलेल्या बाईचा एक हात निऱ्या सावरण्यात जातो, दुसऱ्यात पिशवी. दांडा धरायला हात कुठला? खांद्याला अडकवायची पिशवी हा सल्ला क्षुल्लक वाटतो, पण तिनं एक हात मोकळा होतो.

चढल्यावर धोका संपत नाही, खरा तिथून सुरू होतो. बसमध्ये म्हातारी माणसं पडतात ती अपघातात कमी, बस निघताना आणि ब्रेक लागताना जास्त. कंडक्टरनं डबल बेल देण्याआधी नुकती चढलेली माणसं बसलीत का एवढं बघितलं, तरी यातली बरीच पडझड टळेल. त्याला लागतात चार-पाच सेकंद. पण फेरीचं वेळापत्रक असं आखलेलं असतं की ते चार-पाच सेकंद कंडक्टरच्या खिशातून जातात, आणि मग दोष मात्र त्याच्या स्वभावाला मिळतो. २०१५ मध्ये संगमवाडी-विश्रांतवाडी मार्गावर ‘रेनबो’ बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, आली तेव्हा स्थानकाचा फलाट बसच्या पातळीला आणला होता. पायरीच नाही! कल्पना याहून चांगली असू शकत नाही. फक्त स्थानक रस्त्याच्या मधोमध, आणि तिथवर पोचायला सिग्नल ओलांडायचा. शिवाय चालकानं बस फलाटापासून फूटभर लांब लावली की मध्ये काळी फट उरते, आणि ती फट चाळीस सेंटिमीटरच्या पायरीहून जास्त भीती घालते.

उरते रिक्षा. दारापर्यंत येते, एकच पाऊल आत टाकायचं, चालकामागचा दांडा धरून बसायचं. गुडघेदुखीच्या माणसाला याहून सोयीचं वाहन आपल्या शहरांनी अजून शोधलेलं नाही. पण सहाशे मीटर म्हटलं की चालक मान हलवतो. त्याचंही चुकतं असं सरळ म्हणवत नाही. कमीत कमी भाड्यात एवढी छोटी फेरी आणि नंतर पुन्हा रांगेत शेवटी. ॲपवर मागवावी तर ओटीपी, आणि गाडी उभी राहते गल्लीच्या तोंडाशी.

दोन गोष्टी चालण्याच्या चर्चेत कधी येत नाहीत आणि त्याच निर्णायक ठरतात. एक, बसायला जागा. साठ-सत्तर मीटरवर टेकायला मिळालं तर ऐंशीचं माणूस अर्धा किलोमीटर सहज जातं. बाक हवा पंचेचाळीस सेंटिमीटर उंचीचा आणि दोन्ही बाजूंना हात असलेला, कारण उठताना जोर हातांवर येतो. आपल्याकडे बाक भरपूर आहेत, प्रत्येकाच्या पाठीवर कुणाच्या प्रयत्नातून हेही लिहिलेलं असतं. पण ते बुटके, बिनहाताचे, आणि पुष्कळदा जिथे नाव सगळ्यांना दिसेल तिथे. दुसरी गोष्ट म्हणजे स्वच्छतागृह. रक्तदाबासाठी लघवीची गोळी घेणाऱ्या बाईचा बाहेर पडायचा दिवस त्या गोळीच्या वेळेवर ठरतो. कित्येक जणी बाहेर जायचं म्हणून सकाळपासून पाणी पीत नाहीत, आणि मग उन्हात चक्कर येते. घरी सांगतात, रस्ता खराब आहे म्हणून गेले नाही.

यावर हल्ली एकच उत्तर पुढे येतं: घरपोच. हयातीचा दाखला आता चेहरा स्कॅन करून मोबाइलवर देता येतो, पोस्टमनही घरी येऊन करून देतो. औषधं घरी, भाजी घरी, रक्त तपासायला माणूस घरी. ज्यांना अंथरुणावरून उठता येत नाही त्यांच्यासाठी हे वरदानच आहे. पण ज्यांना उठता येतं त्यांनाही आपण हेच देऊ लागलोय. न चालल्यानं मांडीची ताकद जाते, ताकद गेली की फूटपाथची कड आणखी उंच वाटते. बँकेत जाणं हे निमित्त असतं. वाटेत कुणीतरी भेटतं, मोगऱ्याचा गजरा दिसतो, चहाच्या टपरीवर जुना शेजारी ‘काय, आज इकडे कुठं’ म्हणतो. ते पोस्टमनच्या पिशवीतून येत नाही.

पुणे महापालिकेनं २०१६ साली पादचारी धोरण मंजूर केलं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चालण्याजोगे फूटपाथ हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं म्हटलं. कागद भक्कम आहेत. गल्लीच्या पातळीवर मात्र सगळ्यात उपयोगी पडतं ते सहभागी अंदाजपत्रक. नागरिकांनी क्षेत्रीय कार्यालयात लहान कामं सुचवायची, ही पद्धत पुण्यात २००६ पासून आहे. तिथे ‘ज्येष्ठांसाठी फूटपाथ सुधारावा’ असं लिहिलं की ते कुणाच्याच टेबलावर जात नाही, कारण त्यावर अंदाजपत्रक बनवता येत नाही. लिहावं असं: अमुक गेट ते अमुक दुकान, कडेची उंची सव्वीस सेंटिमीटर, ती पंधरा करावी. कोपऱ्यावर एकास बारा उतार, रुंदी सव्वा मीटर. पंधरा सेंटिमीटरला तो एक मीटर ऐंशी लांब येतो, तेवढी जागा आहे, सोबत फोटो. चेंबरचं झाकण दोन सेंटिमीटर वर आहे, पातळीत घ्यावं. बाक हातांसह, उंची पंचेचाळीस. अशा अर्जावर कनिष्ठ अभियंत्याला थेट मोजणी लिहिता येते. सोसायटीतल्या निवृत्त मंडळींपैकी एखादे ओव्हरसियर किंवा ड्राफ्ट्समन निघतातच, त्यांना टेप द्यावी. आणि काम झालं की हार-नारळाच्या आधी त्याच टेपनं पुन्हा मोजावं. पंधराचे बावीस का झाले हे बिल निघण्याआधीच विचारता येतं. ठेकेदार एकदा पैसे घेऊन गेला की पुढच्या वर्षीच्या अर्जापर्यंत थांबावं लागतं.